अर्ध्या पाऱ्याची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरसा म्हणावे तर पुरता आरसा नाही आणि खिडकी म्हणावे तर पुरती खिडकीही नाही. माझ्या अंगावर पाऱ्याचा अगदी पातळ थर आहे, साध्या आरशावर असतो त्याच्या निम्मासुद्धा नाही. त्यामुळे उजेडाच्या बाजूला जो उभा राहतो त्याला माझ्यात स्वतःचे तोंड दिसते आणि अंधाराच्या बाजूला जो बसतो त्याला माझ्यातून पलीकडचे सगळे दिसते. हल्ली माझ्या दोन्ही बाजूंना अंधार आहे. इकडे मोडक्या बाकांची चळत आणि तिकडे कोणीतरी आणून टाकलेले जुने पंखे. अशा वेळी माझ्यासारखी काच धड काहीच नसते. नुसती भिंतीत असते.

माझा जन्म एका काच कारखान्यात झाला. आम्ही पुष्कळ बहिणी होतो. एकीला केस कापण्याच्या दुकानात जागा मिळाली, एकीला कपड्यांच्या दुकानात. त्यांच्यापुढे दिवसभर माणसे उभी राहणार, मान वळवून वळवून पाहणार. माझ्यावर थर चढवणाऱ्या कारागिराने मला उजेडासमोर धरले आणि तो म्हणाला, "ही बया ना धड इकडची ना तिकडची." मग त्याने मला गवतात गुंडाळले. मला ते बोलणे लागले होते, पण काचेने रागावून करायचे काय?

शिक्षकांना शिकवणाऱ्या एका कॉलेजात मी आले. कॉलेजच्या आवारातच लहान मुलांची एक बालवाडी होती. तिची खेळण्याची खोली मोठी आणि भरपूर उजेडाची होती. तिला लागून एक अरुंद, बिनखिडकीची खोली होती. गवंड्याने या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भगदाड पाडले आणि मला तिथे बसवले. त्या दिवशी एक काळ्याभोर केसांचे प्राध्यापक माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. सगळे त्यांना नुसते सर म्हणत.

सर आपल्या विद्यार्थ्यांना म्हणाले, "ही काच म्हणजे आपल्या कॉलेजचा डोळा. मूल खरं कसं वागतं ते पाहायचं असेल, तर आपण त्याला दिसता कामा नये. आपण दिसलो की ते आपल्यासाठी वागायला लागतं."

मला केवढी धन्यता वाटली! सरांचे नियम कडक होते. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर आधी दार लावायचे. खोकायचे नाही. दिवा तर मुळीच लावायचा नाही, अंधारात लिहायला शिकायचे. विद्यार्थी डोळ्यांत तेल घालून पलीकडे पाहत आणि चाचपडत कागदावर खुणा करत. कोणते मूल ठोकळे वाटून घेते, कोणते हिसकावते, कोण कोणाची समजूत काढते, हे सारे माझ्यातून पाहून त्यांनी मोठमोठे प्रबंध लिहिले. दुरून पाहुणे येत आणि सर त्यांना मला दाखवत. ते माझे वैभवाचे दिवस होते.

पण मित्रांनो, त्याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अंधारातली माणसे माझ्यातून पाहत. उजेडातली मुले माझ्यात स्वतःला पाहत, दात विचकत, जीभ काढत, नाक चेपून घेत. मला कोणीच पाहत नव्हते. सफाईवाल्या मावशी तेवढ्या मला रोज निरखत, पण त्यांना माझ्यावरचे डाग दिसत. दोन्ही बाजूंना माणसे असताना एकटे वाटते, हे सांगितले तर कोणाला पटेल?

सरांचे केस पांढरे झाले, गुडघे दुखू लागले आणि त्यांचे अंधाऱ्या खोलीत येणे जवळजवळ थांबले. तेव्हा त्यांच्याकडे एक नवी मुलगी संशोधनाला आली. तिला सगळे ताई म्हणत. ती खूप मन लावून काम करणारी होती. तिला शिष्यवृत्ती मिळत असे, पण ती त्या वर्षअखेरीस संपणार होती. तिच्या वडिलांचा फोन आला की ती दबक्या आवाजात म्हणे, "होईल हो बाबा. प्रबंध म्हणजे काय इस्त्रीचे कपडे आहेत का, संध्याकाळी आणायला?"

अबोल मुले कोणाशी बोलतात, हा तिचा विषय होता. तिने मोठ्या कागदावर रकाने आखले होते. मूल दुसऱ्या मुलांशी बोलते, मोठ्यांशी बोलते, स्वतःशी बोलते, की कोणाशीच बोलत नाही? तिच्या कानात एक बारीक यंत्र ठरावीक वेळाने टिक् करी आणि त्या क्षणी मूल जे करत असेल, त्या रकान्यात ती खूण करी. आठवड्यातून एकदा तिचा एक सहकारी येऊन शेजारी बसे. तोही त्याच मुलाला पाहून आपल्या कागदावर स्वतंत्रपणे खुणा करी. मग दोघांच्या खुणा ताडून पाहत. जुळल्या तर काम विश्वासाचे, असा त्यांच्यात रिवाज आहे.

ताईची नजर अधू होती. अंधारात तिच्या खुणा भलत्याच रकान्यात जात. म्हणून तिने घरून एक छोटा दिवा आणला आणि तो टेबलावर, कागदावर वाकवून ठेवला. दार लावून तिने पाहिले, कागद छान दिसत होता. मग ती खोलीबाहेर जाऊन बालवाडीच्या दारातून माझ्याकडे बघून आली. तिथून मी तिला आरशासारखीच दिसले. तिचे समाधान झाले. सरांना काही विचारायला हवे, असे तिला वाटले नाही.

त्याच वर्षी बालवाडीत मुंगी आली. हे तिचे टोपणनाव. ती दिसायला एवढीशी होती आणि खोलीच्या मधून कधी चालत नसे, भिंतीच्या कडेकडेने जाई. तिची आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करी. मुंगीला सोडायला ती धावतपळत येई, तेव्हा तिच्या खांद्यावर रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असत. मुंगी बालवाडीत अवाक्षर काढत नसे. बाईंनी लाडाने विचारले, मुलांनी चिडवले, पण तिच्या तोंडाचे कुलूप उघडले नाही.

एके दिवशी ती भिंतीच्या कडेने येता येता माझ्यापाशी थांबली. दोन्ही तळहात तिने डोळ्यांच्या कडेला आडोशासारखे धरले, कपाळ माझ्यावर टेकवले आणि बराच वेळ ती तशीच राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तू इथे काय करतेस?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कोणी प्रश्न विचारला नव्हता!

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "तू आज पण इथेच? तुला बाहेर नाही जाऊ देत?" नंतर एकदा म्हणाली, "अंधारात भीती नाही वाटत? मला पण कोणी खेळायला घेत नाही." आणि जाताना, "मी उद्या येते हं. रडू नकोस." तिच्या श्वासाने माझ्यावर वाफेचा एक गोल उमटे आणि ती गेल्यावर विरून जाई. तो थोडा तरी राहावा असे मला फार वाटे. मी तिथेच खिळलेली, माझी एक बाजू सदा अंधारात, आणि हे सारे या पोरीला पाहताक्षणी कळले होते. मी रोज तिची वाट पाहू लागले.

पलीकडे ताईही मुंगी येण्याची वाट पाहत असे. मुलांचे बोलणे तिला ऐकू यावे म्हणून बालवाडीच्या छताला माइक टांगला होता, पण मुंगीची कुजबुज तिथवर पोचत नसे. ताईला नुसते हलणारे ओठ दिसत. टिक् झाले की ती 'स्वतःशी' या रकान्यात खूण करी. सहकाऱ्याची खूणही त्याच रकान्यात असे. दोघांच्या खुणा इतक्या छान जुळत की सर भलतेच खूश झाले.

"अबोल मुलाला आपल्या प्रतिबिंबात सोबती मिळतो," ते म्हणाले. "पोरी, हे नवीन आहे! हे छापून येईल."

ताईचा चेहरा उजळला. पण हे म्हणणे तिच्या कागदापुरतेच राहिले नाही, बालवाडीच्या बाईंच्या कानावरही गेले. एकदा मुले घरी गेल्यावर बाईंनी मुंगीच्या आईला थांबवून घेतले. दोघी माझ्यासमोरच बसल्या होत्या.

"ती आमच्याशी एक शब्द बोलत नाही हो. आरशाशी मात्र रोज गप्पा."

"घरी बोलते की, बाई. माझं डोकं खाते नुसती."

"पण इथे नाही ना? पलीकडच्या ताई अभ्यास करतायत, त्यांचंही तेच म्हणणं आहे. अशा मुलांची वेगळी शाळा असते. तिथे बघितलेलं बरं."

"ती शाळा गावाच्या त्या टोकाला," आई म्हणाली. "मी कामावर कधी जायचं आणि हिला आणायचं कधी? माझं काम सुटेल. आणि तसं काय झालंय हो तिला?" तिने बोलता बोलता खांद्यावरचा दोरा काढला आणि बोटाला गुंडाळत राहिली.

अंधारात ताईची पेन्सिल थांबली होती. ती उठून या बाजूला आली आणि बाईंना म्हणाली, "मी असं कुठे म्हटलं? माझं काम अजून अर्धंच झालंय. ते पुरं होईपर्यंत तरी तिला हलवू नका." बाई भल्या होत्या. सत्र संपेपर्यंत थांबायचे त्यांनी कबूल केले. मुंगी गेली तर माझ्याशी कोण बोलणार?

आता ताईने खरी परीक्षा मांडली. माझ्यामुळेच मुंगी बोलते का, हे पाहायचे तर मला झाकून पाहायला हवे. तिने माझ्या खालच्या अर्ध्या भागावर, मुलांचा हात पोचतो तिथवर, खाकी कागद चिकटवला आणि ती स्वतः स्टुलावर चढून वरच्या भागातून पाहू लागली. मुंगी आली. कागद पाहून चपापली. तिने नखाने त्याची कड खरवडली, मग माझ्याकडे पाठ करून खाली बसली आणि दिवसभर उठली नाही. असे बरेच दिवस गेले. मग ताईने कागद काढला. मुंगी धावत आली, चक्क खोलीच्या मधून! "कुठे गेली होतीस?" तिने विचारले. मला काय बोलू नि काय नको असे झाले, पण मला बोलता कुठे येते?

"सिद्ध झालं, सर," ताई म्हणाली.

"अर्धंच," सर म्हणाले. "ही काच झाकली की बोलणं बंद, इथवर ठीक. पण तिला आरसा हवाय, की ती जागा हवीय, की आणखी काही? समोरच्या भिंतीवर एक साधा आरसा लाव. हिला झाकून ठेव. तिथेही ती बोलली तर तुझं म्हणणं पक्कं."

तो आरसा आला. चांगला गुबगुबीत, भरपूर पाऱ्याचा, नवी चौकट मिरवणारा. मी त्याला पाण्यात पाहू लागले. आता मुंगी त्याच्याशी बोलणार आणि मला विसरणार, या धास्तीने मी हवालदिल झाले. ती त्याच्यापाशी गेली. हातांचा आडोसा करून तिने कपाळ टेकवले. वाट पाहिली. मग चौकटीला हात घालून आरसा थोडा पुढे ओढला आणि मागे डोकावली. मागे कोरी भिंत होती. तिने आरसा सोडून दिला, परत येऊन माझ्या कागदाखाली बसली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते! तिला कोणताही आरसा चालत नव्हता. तिला मीच हवी होते.

ताई मात्र गोंधळून गेली. आरसा असून मुंगी बोलत नाही, म्हणजे आरशाचे कारण खोटे. मग खरे काय? दुपारी मुले गेल्यावर ती बालवाडीच्या खोलीत आली. येताना घाईत तिचा दिवा मागे चालूच राहिला होता. तिने माझ्यावरचा कागद काढून टाकला आणि उभी राहून पाहिले. तिला स्वतःचा दमलेला चेहरा दिसला. ती गुडघ्यांवर बसली, मुंगीएवढी झाली. तरी तेच. मग तिने मुंगी करायची तसा दोन्ही हातांचा आडोसा केला आणि कपाळ माझ्यावर टेकवले.

तिला तिचा दिवा दिसत होता. दिव्याच्या उजेडात तिची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली तिची निळी शाल, अर्धा प्यालेला चहा, सारे दिसत होते.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी दिसत होते. ती माझ्याशी बोलत होती."

तेव्हाच मलाही कळले. काचेला आपल्यातून काय दिसते ते कळत नाही. तू अंधारात का, तुला बाहेर जाऊ देत नाहीत का, रडू नकोस, हे सगळे माझ्यातून पलीकडे चालले होते. त्यातला एकही शब्द माझ्यासाठी नव्हता. मित्रांनो, मला फार फार वाईट वाटले. ताई तिथे बसून रडत होती आणि मला वाटत होते, तुला निदान रडता तरी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरांना तिथे आणले. सर कसेबसे गुडघ्यांवर बसले, हातांचा आडोसा करून त्यांनी पाहिले आणि बराच वेळ ते उठलेच नाहीत.

"तुमच्या दोघांच्या खुणा जुळल्या होत्या ना?" शेवटी त्यांनी विचारले.

"जुळणारच, सर. आम्ही दोघंही एकाच अंधारात बसलो होतो. ती आमच्याशी बोलत असेल, असा रकानाच आखला नव्हता."

"वर्षाची मेहनत आहे ही. शिष्यवृत्ती संपतेय." मग सर खाली पाहत म्हणाले, "दिव्यामुळे तू दिसत होतीस, हे फक्त तुला नि मला माहीत आहे."

"आणि मुंगीला," ताई म्हणाली.

मलाही माहीत होते, पण मला कोण विचारतो? सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी बोललो ते विसर," ते म्हणाले. "जा तिच्याकडे."

मुले आली. ताई निळी शाल पांघरून खोलीच्या मधोमध जमिनीवर बसली. मुंगी दारातच थबकली. मग भिंतीची कड सोडून सरळ तिच्याकडे चालत आली. तिने शालीचे टोक हातात घेऊन पाहिले, ताईच्या तोंडाकडे पाहिले आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "सुटलीस?"

बाईंच्या हातातले रंग खाली पडले. ताईने मान हलवली.

"कोणी कोंडलं होतं तुला?"

"कोणी नाही गं," ताई म्हणाली. "मीच जाऊन बसले होते."

मुंगीला ते काही फारसे पटले नाही. पण तिने ताईचे बोट धरून तिला ठोकळ्यांपाशी नेले. तिथे बसलेल्या मुलाला ती म्हणाली, "सरक. ही माझी मावशी आहे. हिला पण खेळायचंय." बालवाडीतल्या मुलाशी ती बोललेले हे पहिलेच वाक्य. मग इतर मुले भोवती जमली आणि ताईला कोणी कोंडले होते, त्या खोलीत उंदीर आहेत का, असे विचारू लागली. मुंगी सगळ्यांना उत्तरे देत होती. त्यातली बरीच तिने मनानेच बनवली होती.

वेगळ्या शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. आई घ्यायला आली तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "तुमची मुलगी फार बोलते हो," आणि दोघी हसल्या. ताईची शिष्यवृत्ती संपली. ती संध्याकाळच्या शिकवण्या करू लागली आणि तिने काम पहिल्यापासून सुरू केले, या वेळी मुलांमध्ये बसून, आपण कोण आणि काय लिहितो ते त्यांना सांगून. प्रबंध फार उशिरा झाला. त्यात तिने दिव्याची हकीकत जशी घडली तशी लिहिली, असे मी ऐकले.

आणि माझे काय? त्या दिवसानंतर मुंगी माझ्याजवळ आली नाही. तिला यायचे कारणच उरले नव्हते. पलीकडची खुर्ची रिकामी होती आणि मुंगीची माणसे आता अलीकडे होती. मला तिचा राग आला नाही. तिच्या ताईला ती शोधत होती, ती तिला सापडली. खोलीच्या मधून ती धावताना दिसली की मला आनंद होई, आणि ती माझ्याकडे न पाहता निघून गेली की वाईटही वाटे. मग छताला कॅमेरे लागले, पुढे बालवाडी नव्या इमारतीत गेली, सर निवृत्त झाले आणि मी या अडगळीत राहिले. सफाईवाल्या मावशीही आता येत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही शिकून मोठे व्हाल. कदाचित माणसांचा अभ्यास कराल, त्यांच्याविषयी लिहाल, त्यांच्यासाठी निर्णय घ्याल. तेव्हा दुरून पाहून झाले की एकदा त्यांच्या बाजूला जा. खाली बसा. तिथून तुम्ही कसे दिसता ते पाहा. ते कोणाशी बोलतायत हे त्यांनाच विचारा, कारण ते तुमच्याशीच बोलत असतील आणि तुम्हाला पत्ताही नसेल.

आणि कधी या बाजूला आलात तर बाके थोडी सरकवा, कोरड्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसा आणि माझ्याजवळ उभे राहून काहीतरी बोला. माझ्याशीच बोलायला हवे असे नाही. दुसऱ्या कोणाशी बोललात तरी चालेल.